गडचिरोली जिल्हा: इतिहास-भूगोलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणारे लोक ठरलेले आहेत: स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, बदलीचा आदेश हातात पडलेले शिक्षक आणि तलाठी, हेमलकसा-मार्कंड्याला निघालेली मंडळी, आणि आजोबांच्या शेताचे कागद शोधणारी नातवंडं. लोकसंख्येचे सगळे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

१. गडचिरोली नेमकं कुठे येतं? शेजारी कोणती राज्यं आहेत?

महाराष्ट्राच्या नकाशात पूर्वेचा, खाली लोंबणारा कोपरा म्हणजे गडचिरोली. पश्चिमेला चंद्रपूर, उत्तरेला गोंदिया, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिण-नैर्ऋत्येला तेलंगणा. जुन्या पुस्तकांत शेजारी म्हणून मध्य प्रदेश आणि आंध्र प्रदेश दिसतात. ती पुस्तकं छापली तेव्हा ते बरोबरच होतं. छत्तीसगड २००० मध्ये झालं, तेलंगणा २०१४ मध्ये. गाड्यांचा क्रमांक एमएच ३३.

२. विरळ वस्ती म्हणतात, म्हणजे किती विरळ?

क्षेत्रफळ १४,४१२ चौ.कि.मी., लोकसंख्या १०,७२,९४२, म्हणजे दर चौ.कि.मी.ला ७४ माणसं. राज्याची सरासरी ३६५ आहे. गोव्याशी ताडून पाहा: गडचिरोली आकाराने गोव्याच्या जवळजवळ चौपट, पण माणसं गोव्यापेक्षा कमी. राज्याची साधारण पावणेपाच टक्के जमीन इथे आहे आणि लोक एक टक्काही नाहीत. दहातली नऊ माणसं खेड्यात राहतात, आणि त्यातली कित्येक गावं वीस-तीस घरांची.

परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट: राज्यात सर्वांत कमी *घनता* गडचिरोलीची, पण सर्वांत कमी *लोकसंख्या* सिंधुदुर्गाची (८,४९,६५१). प्रश्न नीट वाचा.

३. तालुके किती? सगळा जिल्हा सारखाच आहे का?

तालुके बारा: कोरची, कुरखेडा, देसाईगंज, आरमोरी, धानोरा, गडचिरोली, चामोर्शी, मुलचेरा, अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. आणि नाही, सगळा जिल्हा मुळीच सारखा नाही.

उत्तर आणि वैनगंगेकाठचा भाग झाडीपट्टीचा. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे सारावसुली करणाऱ्या गावमालकांनी, बांधलेले; लोक त्यांना मामा तलाव म्हणतात), झाडीबोली आणि दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. या नाटक मंडळ्यांचं ठाणं म्हणजे वडसा (देसाईगंज, प्रश्न १८). आष्टीच्या (चामोर्शी तालुका) पुढे दक्षिणेला गेलात की चित्र पालटतं: सागवान, डोंगर, माडिया आदिवासींचे पाडे. सिरोंच्याला पोचेपर्यंत दुकानातलं बोलणं तेलुगू झालेलं असतं. कोरचीहून सिरोंचा रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. त्यामुळे 'गडचिरोलीत बदली झाली' एवढ्यावर काही ठरवू नका, आधी तालुका विचारा. चामोर्शीत पावणेदोन लाखांवर लोक आहेत, भामरागड तालुक्यात जेमतेम छत्तीस हजार.

४. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती: कोण कुणाला कुठे मिळतं?

सर्वांत जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो, कारण जिल्ह्याच्या काठाने चार वेगवेगळे संगम आहेत आणि बातम्यांत सगळ्यांना नुसतं 'संगम' म्हणतात. वरून खाली असे येऊ.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि गडचिरोलीची पश्चिम सीमा धरून खाली येते. वाटेत गाढवी, खोब्रागडी, कठाणी या नद्या तिला पूर्वेकडून मिळतात. चपराळ्याजवळ मुलताईहून आलेली वर्धा तिला भेटते. हा पहिला संगम. इथे दोन्ही नावं संपतात आणि पुढच्या पाण्याला प्राणहिता म्हणतात. म्हणजे 'वैनगंगा गोदावरीला मिळते' हे वाक्य पाण्याच्या दृष्टीने खरं, नावाच्या दृष्टीने चूक.

प्राणहिता सुमारे ११३ कि.मी. वाहते, एका काठावर महाराष्ट्र आणि दुसऱ्यावर तेलंगणा. लांबी एवढीशी, पण खोऱ्याच्या विस्ताराने गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी हीच. वर्धा आणि वैनगंगा या दोघींचं पाणी हिच्यातून जातं. सिरोंच्याजवळ ती गोदावरीत पडते. हा दुसरा संगम, पलीकडच्या काठावर कालेश्वरम.

तिथून गोदावरी जिल्ह्याची सीमा होते. पुढे सोमनूरजवळ ओडिशातून बस्तरमार्गे आलेली इंद्रावती तिला मिळते. हा तिसरा. इथे उभं राहिलं की महाराष्ट्र, तेलंगणा आणि छत्तीसगड अशी तीन राज्यं समोर असतात.

चौथा भामरागडचा: पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. हा सोमनूरच्या बराच वर, इंद्रावतीवरच आहे. 'त्रिवेणी संगम पाहायचाय' असं कुणी म्हणालं तर आधी कोणता ते विचारा. सोमनूर आणि भामरागड यांच्यात रस्त्याने अख्खा दिवस मोडतो.

५. गोदावरी तर नाशिकची. ती गडचिरोलीत कशी?

त्र्यंबकेश्वरला निघालेली गोदावरी नांदेड जिल्ह्यातून महाराष्ट्र सोडते, तेलंगणातून मोठा वळसा घेते आणि सिरोंच्याला पुन्हा महाराष्ट्राच्या काठाला लागते. म्हणून सिरोंच्यात कुंभमेळ्याचं नाही, पुष्करचं महत्त्व. तेलुगू प्रथेप्रमाणे गुरू ज्या राशीत जातो त्या राशीच्या नदीचा बारा दिवस पुष्कर भरतो. प्राणहितेचा मीन राशीत (एप्रिल २०२२ मध्ये झाला), गोदावरीचा सिंह राशीत (जुलै २०१५, पुढचा २०२७). या दिवसांत सिरोंच्यात मुक्कामाला जागा मिळत नाही. दुरून येणार असाल तर राहायची सोय आधी पक्की करा, मग निघा.

६. भामरागडचा संपर्क दर पावसाळ्यात का तुटतो?

भामरागडला लागूनच पर्लकोटा आहे आणि थोडं पुढे इंद्रावती. इंद्रावतीला बस्तरातून पूर आला की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकायला जागा राहत नाही. ते मागे फुगतं आणि आधी पुलावर, मग बाजारपेठेत शिरतं. त्यामुळे भामरागडात पाऊस उघडला असूनही पाणी चढताना दिसतं. स्थानिक लोक त्याला 'दाब' म्हणतात: इंद्रावतीचा दाब पर्लकोटेला, गोदावरीचा दाब प्राणहितेला.

उत्तरेकडचा पूर वेगळा. तिथे भंडारा जिल्ह्यातल्या गोसेखुर्द धरणाचा विसर्ग पाहावा लागतो. धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते मोठ्या प्रमाणावर उघडले की वैनगंगा फुगते आणि तिला मिळणाऱ्या छोट्या नद्या-नाले तुंबतात. गडचिरोली-आरमोरी रस्ता पाल नदीवर आणि गडचिरोली-चामोर्शी रस्ता शिवणीजवळ बंद पडतो तो यामुळेच.

जुलै ते सप्टेंबरमध्ये निघायचंच असेल तर: उत्तरेसाठी गोसेखुर्दचा विसर्ग, दक्षिणेसाठी बस्तरातला पाऊस पाहा. आलापल्लीला पोचल्यावर पुढचा रस्ता चालू आहे का ते एसटीच्या चालकांना विचारा, त्यांच्याइतकी ताजी खबर कुणाकडे नसते. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते किती खोल आहे हे गाडीत बसून कळत नाही. थांबा.

७. मेडीगड्डा धरण महाराष्ट्रात आहे की तेलंगणात?

प्रकल्प तेलंगणाचा (कालेश्वरम उपसा सिंचन योजना), पण बंधारा सीमेवरच्या गोदावरीवर, म्हणून त्याचं एक टोक सिरोंचा तालुक्याला टेकलेलं आहे. ८५ दरवाज्यांच्या या बंधाऱ्याचं उद्घाटन जून २०१९ मध्ये झालं. पाणी उचलायची सोय तेलंगणासाठी. फुगवट्याखाली शेती गेली ती सिरोंच्याकडचीही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले.

८. जिल्हा कधी झाला? त्याआधी हा मुलूख कुणाचा होता?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचं विभाजन होऊन. त्याआधीची साखळी अशी: चांद्याचे (म्हणजे आजच्या चंद्रपूरचे) गोंड राजे, १७५१ पासून नागपूरकर भोसले, १८५३ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रज, मग मध्यप्रांत. गडचिरोली तहसील १९०५ मध्ये चांदा आणि ब्रह्मपुरीकडच्या जमीनदाऱ्या एकत्र करून झाली.

सिरोंच्याचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीकाठचे तालुके इंग्रजांकडे आले आणि 'अप्पर गोदावरी' नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचं मुख्यालय सिरोंचा. १८७४ मध्ये तो मोडून चांद्याला जोडला. म्हणजे आज जिल्ह्याच्या टोकाला असलेलं हे गाव गडचिरोलीच्या शंभरेक वर्षं आधी जिल्ह्याचं ठाणं होतं. सिरोंच्याचे जुने लोक हे आवर्जून ऐकवतात.

९. आजोबांच्या जमिनीचे जुने कागद कोणत्या जिल्ह्याच्या नावाने शोधायचे?

कागद कोणत्या वर्षाचा आहे ते आधी ठरवा.

१९५० पर्यंत: मध्यप्रांत व वऱ्हाड, जिल्हा चांदा.
१९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६: मध्य प्रदेश, जिल्हा चांदा.
१ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०: मुंबई राज्य.
पुढे १९८२ पर्यंत: महाराष्ट्र, चांदा किंवा चंद्रपूर.

तालुका म्हणून बहुतेक वेळा गडचिरोली किंवा सिरोंचा तहसीलच सापडेल. एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, कोरची या नावाने जुनं काही मिळणार नाही, कारण हे तालुके नंतरचे. अर्जात आजचा तालुका लिहिला की 'अभिलेख आढळून आला नाही' असा शेरा येतो आणि माणूस समजतो कागद जळाला. जुन्या तहसिलीचं नाव घालून पुन्हा अर्ज करा. गावाच्या नावाचेही दोन-तीन लेखनप्रकार द्या. तेलुगू आणि माडिया नावं कारकुनांनी कानाला आली तशी उतरवलेली आहेत.

१९५१ च्या आधीच्या कागदांत मालगुजार किंवा जमीनदाराचं नाव दिसेल. मालगुजारी-जमीनदारी हक्क त्या वर्षी रद्द झाले. 'निस्तार' हा शब्द दिसला तर तो मालकीचा नाही. गावाला जळाऊ लाकूड, बांबू, चराई यांचा जो वहिवाटी हक्क होता त्याची ती नोंद. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात ती फार कामाची ठरते (प्रश्न १५).

१०. बाबुराव शेडमाके कोण होते? फाशी कुठे झाली?

अहेरी भागातल्या मोलमपल्लीचे गोंड जमीनदार, जन्म १८३३. १८५८ मध्ये त्यांनी तरुण जमवून इंग्रजांचा राजगड परगणा घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारायंत्राच्या कामावरच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. त्यानंतर इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीणबाईंवर दबाव आणला आणि सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी झाली ती चांद्याच्या तुरुंगात. गडचिरोलीत नव्हे, ही चूक भाषणांत दरवर्षी ऐकू येते. व्यंकटराव बस्तरकडे निसटले होते.

११. वैरागडला खरंच हिरे निघत होते?

हो. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख अकबराच्या काळच्या 'आइन-ए-अकबरी'त आहे. आज तिथे खाण म्हणून पाहण्यासारखं काही नाही. पाहायला जा ते खोब्रागडीजवळच्या किल्ल्याचा खंदक, तट आणि गावातलं भंडारेश्वराचं देऊळ. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर किल्ल्यात झुडपं छातीएवढी असतात, जानेवारीनंतर जा.

१२. मार्कंड्याचं देऊळ हेमाडपंती आहे का?

नाही. विदर्भात जुनं दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवय आहे. मार्कंडादेवचा समूह (चामोर्शी तालुका) कोरीव मूर्तींनी भरलेल्या भिंतींचा, मध्य भारतातल्या नागर शैलीतला. म्हणून 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात. मूळ चोवीस देवळं मानतात, त्यातली सगळी उभी नाहीत. मुख्य देवळाचं वीज पडून मोठं नुकसान झालं होतं. वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते आणि हेच स्थळमाहात्म्याचं कारण. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. कोरीव काम निवांत पाहायचं असेल तर ते दिवस टाळा.

१३. गडचिरोली आदिवासीबहुल जिल्हा आहे ना?

आकड्यांत नाही. अनुसूचित जमातींचं प्रमाण ३८.७ टक्के आहे. मात्र एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोरा या तालुक्यांत आदिवासींचीच बहुसंख्या, आणि देसाईगंज-चामोर्शीकडे ती नाही. सरासरीने दोन्ही झाकलं जातं. जिल्ह्यातल्या विधानसभेच्या तिन्ही जागा (आरमोरी, गडचिरोली, अहेरी) अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

माडिया आणि गोंडी या एकमेकींच्या जवळच्या बोली असल्या तरी माडिया माणसाला 'तुमची गोंडी छान आहे' म्हणू नका. माडियांची नोंद केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिम जमातींत स्वतंत्रपणे आहे. गोटुल ही गावाची सामूहिक जागा आहे, विचारल्याशिवाय आत शिरून फोटो काढायचे नसतात.

१४. मुलचेऱ्यात बंगाली पाट्या का दिसतात?

१९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत जमिनी देऊन वसवलं. दुर्गापूजा, मासळी आणि बंगाली शाळा त्यांच्याबरोबर आल्या. तळी खोदून मत्स्यशेती करायचं वळणही त्यांचंच.

१५. एवढं जंगल आहे, ते कुणाचं?

जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. कागदावर बहुतांश वनविभागाचं, पण २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी दोन २००९ मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना मिळाले. मेंढ्याकडे सुमारे १,८०० हेक्टर आहे.

हक्क मिळूनही घोडं अडलं ते बांबूवर. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलात मिळणारी वस्तू) म्हणतो, तर १९२७ च्या वन कायद्यात तो 'झाड' होता. तोडायचा हक्क गावाचा, पण वाहतूक परवाना वनविभागाचा. परवान्याशिवाय माल नाक्यापुढे जाईना. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तकच मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती दिलं तेव्हा गाडा हलला. बांबू 'झाड' नाही ही दुरुस्ती १९२७ च्या कायद्यात व्हायला २०१७ उजाडलं.

१६. तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे काय? 'प्रमाण गोणी' किती पानांची?

तेंदूची पानं विड्या वळायला लागतात. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. शेजारच्या छत्तीसगडात पन्नास पानांचा पुडा धरतात, त्यामुळे दोन राज्यांचे गोणीचे भाव सरळ ताडून पाहू नका.

उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपांची कटाई होते, म्हणजे नवी पानं मऊ आणि एकसारखी फुटतात. मे महिन्यात तोडणी. घरातले सगळे पहाटे जंगलात, दुपारी अंगणात पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागेवर) मोजून देणं. फळीवर पुडे रांगेने उन्हात मांडून, पलटत सुकवतात. यात अवकाळी पाऊस झाला की पानावर डाग पडतो आणि ठेकेदार माल नाकारतो. पैशाचा वाद होतो तोही याच टप्प्यावर, म्हणून करारात 'फळीवर मोजलेला माल ठेकेदाराचा' हे कलम आहे का ते ग्रामसभेने आधी पाहावं. आता पुष्कळ ग्रामसभा लिलाव स्वतः करतात.

त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोह. फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची पद्धत आहे. बरेच वणवे तिथूनच लागतात. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली तर पेटवायची गरज पडत नाही, फुलंही स्वच्छ मिळतात.

१७. दारू सोबत नेली तर चालते का?

नाही. १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. विक्री तर नाहीच, बाहेरून आणलेली बाटलीही जप्त होते आणि गुन्हा दाखल होतो. मोहाची दारू कुणी पुढे केली तरी तिलाही हाच नियम.

१८. वडसा आणि देसाईगंज वेगळी गावं आहेत का? रेल्वे कुठपर्यंत जाते?

रेल्वे स्टेशन वडसा, शहर आणि तालुका देसाईगंज. तिकीट काढताना 'वडसा' शोधा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे स्टेशन. वडसा-गडचिरोली हा सुमारे ५२ कि.मी.चा मार्ग मंजूर होऊन बरीच वर्षं झाली, कामही चालू आहे. तोवर गडचिरोलीला नागपूर किंवा चंद्रपूरहून एसटी सोयीची.

१९. हेमलकशाला जायचंय. काय तयारी करावी?

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प (आदिवासींसाठीचा दवाखाना आणि शाळा, १९७३ पासून) भामरागडच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर आहे. गडचिरोली-आष्टी-आलापल्ली-पेरमिली-हेमलकसा असा रस्ता. टाकी आलापल्लीत भरा. पुढे मोबाईलची रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या आणि रोख रक्कम ठेवा. अंधार पडायच्या आत पोचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

मलेरियाकडे दुर्लक्ष नको. इथे फॅल्सिपेरम प्रकारचा, डोक्यात जाऊ शकणारा मलेरिया आहे. मच्छरदाणीतच झोपा. परतल्यावर महिनाभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना 'गडचिरोलीला जाऊन आलो' हे आपणहून सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. पुण्या-मुंबईत तापाला आधी डेंग्यू समजतात आणि दोन दिवस वाया जातात.

२०. गडचिरोलीत रानहत्ती आहेत का? कमलापूरचे हत्ती तेच का?

वेगळे. कमलापूरचे (अहेरी तालुका) वनविभागाचे पाळीव हत्ती, पूर्वी लाकूड ओढायला ठेवलेले. तिथे जानेवारीत जाणार असाल तर आधी चौकशी करा. साधारण दहा दिवस हत्तींच्या पायांना वनौषधींचा लेप देतात आणि तेवढे दिवस कॅम्प बंद असतो.

रानहत्तींचा कळप ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडातून उत्तरेकडच्या तालुक्यांत आला. ते धानाच्या पुंजण्यांवर (कापून रचलेल्या ढिगांवर) आणि घरात साठवलेल्या मोहावर येतात. कळप जवळपास आहे असं कळलं तर मोह घरात ठेवू नये, आणि फोटोसाठी मागे जाऊ नये. अहेरी तालुक्यातल्या कोलामार्का इथे रानम्हशींसाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र केलं. तिथे दिसणारी प्रत्येक काळी म्हैस रानटी नसते. गावची जनावरंही चरायला जातात, आणि संकर हीच तिथली खरी काळजी आहे.

२१. सिरोंच्यात डायनासोर सापडला, हे खरं का?

अर्धं खरं. प्राणहितेच्या पूर्व काठावरच्या कोटा या गावावरून खडकांच्या एका थराला 'कोटा स्तर' असं नाव जगभर वापरतात. ज्युरासिक काळातले मासे तिथे एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. 'बारापासॉरस टागोराय' हा मोठा डायनासोर याच थरातला, पण त्याचा सांगाडा मिळाला नदीपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या भागात. तो कोलकात्याला आहे. १९६१ च्या टागोर जन्मशताब्दीमुळे टागोरांचं नाव, आणि 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठे पाय. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे हाडांपेक्षा दगड झालेले झाडांचे बुंधे पाहायचे. वर्तुळं आणि साल स्पष्ट दिसते. हात लावला की लाकूड नाही हे कळतं.